डागी फळांची करंडी

आमचा संत्र्यांचा धंदा एका उलट्या रिवाजावर चालायचा. दर हंगामात पांढुर्ण्याहून ढाक्याचे व्यापारी रहीमबक्ष यांना पहिली जायची ती सगळ्यात वाईट फळांची करंडी. डागी, बारकी, सुरकुतलेली. यापेक्षा वाईट काही येणार नाही, असा त्याचा अर्थ. ती पाहूनच ते तिथल्या दुकानदारांना मालाचा शब्द देत. स्टेशनवर त्यांचा हमाल कासिम करंडी उतरवून घेई आणि पोचपावतीवर त्याचा निळा अंगठा उमटून येई. वीस वर्षं तोच अंगठा.

मग फाळणी झाली. ढाका परदेश झालं, मालाला परवाना लागू लागला. करंडी भरायचं काम माझं, धाकट्या भावाचं. परक्या मुलखातले अधिकारी आपली डागी संत्री उघडून बघणार, याची मला भारी लाज वाटली. मी शहाणपणा केला. भगवंतदादाला न सांगता निवडक, टपोरी फळं भरली.

रहीमबक्षांनी नेहमीसारखा तोच सगळ्यात वाईट माल समजून दुकानदारांना शब्द दिला. पाठोपाठ आमचा नेहमीचा, त्याहून हलका माल पोचला. भर बाजारात लोकांनी त्यांना लबाड ठरवलं. त्यांचं पत्र आलं, करंडी कशी बदलली एवढंच कळवा.

"वसंता, करंडी तूच भरली होती नं?" दादानं विचारलं.

"हो दादा. डागीच भरली होती. रस्त्यात कोनं बदलली असन."

"तिकडं लोक त्यायले शिव्या देऊन राहिले. खरं सांगून राहिला नं तू?"

"तुयी शपथ."

दादानं तसंच लिहून टाकलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. दादा मोठ्यानं वाचू लागला. "तुमच्या शब्दावर शंका नाही. इथे करंडीला एकट्या कासिमचा हात लागतो. दुसऱ्या व्यापाऱ्यानं त्याला फितवलं असणार. त्याला काढून टाकलं. आता बाजारात त्याला कुणी उभं करत नाही."

दादानं पत्र कपाळाला लावलं. "पाह्य, केवढा भरवसा आहे त्यायचा आपल्यावर!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दादाच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. असा मी भेकड.

पुढच्या हंगामात एकेक डागी फळ निवडून करंडी भरली. पोचपावती आली. तिच्यावर कुणाची तरी वळणदार सही होती.

दादा खूश झाला. "आता शिकलेला मानूस ठेवला वाट्टे त्यायनं," म्हणाला, आणि पावती जपून ठेवायला माझ्याच हातात दिली.