दोन अर्थिंग

माझ्या घराला दोन अर्थिंग होत्या, आणि त्या एकमेकींपासून वीस फूट लांब ठेवल्याचा मला अभिमान होता. एक मीटरजवळची, घराच्या लाईटची. दुसरी मागच्या अंगणात, फक्त माझ्या बोलायच्या-ऐकायच्या हॅम रेडिओसाठी. तिचा खड्डा मीठ-कोळसा घालून मी स्वतः भरलेला. गच्चीवरच्या लोखंडी पाइपावर अँटेनाची तार, तिथून तांब्याची पट्टी थेट त्या खड्ड्यात. होटगीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. मला अर्थिंग शिकवायला कोण येणार?

वेगळी ठेवायला कारण होतं. आमच्या गल्लीत चारी बाजूंनी यंत्रमाग. त्यांच्या मोटारींची खरखर घराच्या अर्थिंगमधून रेडिओत शिरते. आणि मला ऐकायचा असतो महादेवप्पांचा आवाज, अक्कलकोटपलीकडच्या खेड्यातून, घरी जुळवलेल्या पाच वॅटच्या सेटवरून येणारा. निवृत्त तारबाबू आहेत ते. संध्याकाळी पाच ते सहा ही त्यांच्या गावच्या लाईटची वेळ, म्हणून तीच आमची. अकरा वर्षं हवेवर बोलतोय, भेट एकदाही नाही. एकदा फोन केला, तर दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपलं.

शेवटी ते रोज विचारायचे, "वहिनी बऱ्या हाईत की?" आणि मी म्हणायचो, बऱ्या आहेत.

माझी बायको प्रेमला, तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेराव्यानंतर मी सेट लावला तेव्हा त्यांनी विचारलं, "सेट बिघडला होता काय?" मी हो म्हणालो. पुढचा प्रश्न वहिनींचा होता, आणि तोंडातून नेहमीचंच उत्तर निघून गेलं. एकदा थाप मारली की ती रोज मारावी लागते. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दिवसातून एकदा कुणीतरी ती आत स्वयंपाकघरात असल्यासारखं तिच्याबद्दल विचारायचं.

या वैशाखात वळवाच्या पावसात शेजारच्या नारळावर वीज पडली. सेटच्या पत्र्यापासून टेबललॅम्पच्या वायरीपर्यंत ठिणगी उडाली आणि माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. हे मी मूर्खासारखं उर्वीला फोनवर सांगितलं. मुलगी पुण्याला असते, पण धाक इथपर्यंत पोचतो.

"बाबा, एक तर ते नीट करून घ्या, नाहीतर मी येऊन पाइप उतरवते."

दुसऱ्या दिवशी खालिद वायरमन आला. त्याने दोन्ही खड्डे फिरून पाहिले.

"काका, दोन्ही जोडल्याच न्हाईत की. वीज एकीत उतरली की दुसरीकडं पळायला वाट बघती. मधी तुमचा सेट, आन् सेटापुढं तुमी."

"जोडल्या तर खरखर येईल रे."

"येऊ द्या की. ऐकायला माणूस तर ऱ्हाईल."

मी उंटावरचा शहाणा, त्याला कुदळ काढून दिली. त्याने भिंतीलगत जाड तांब्याची पट्टी फिरवून दोन्ही खड्डे एक केले आणि सेटही त्याच पट्टीला बांधला. काम चांगलं झालं, नावं ठेवायला जागा नव्हती.

पाच वाजता सेट लावला आणि सगळी गल्ली आत आली. त्या खरखरीत महादेवप्पांचा आवाज होता एवढंच कळत होतं, शब्द एक नाही. "अप्पा, पुन्हा सांगा," मी तीनदा म्हणालो. मग आवाज थांबला आणि बारीक शीळ सुरू झाली. मोर्स, तारबाबूंची आखूड-लांब टिकटिक. खरखरीतूनही ती वाट काढते. त्यांचा हात आता कापतो, अक्षरं अडखळत होती, पण लागली. तुमचा आवाज स्पष्ट आहे. तुम्ही बोला.

मी बोललो. खड्डे, पट्टी, खालिद, ऊन. सांगण्यासारखं सगळं संपलं. मग ध्यानात आलं की आज शेवटी "वहिनी" हा शब्द कानावर पडणार नाही, उद्याही नाही. मला इतकं एकटं प्रेमला गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

"अप्पा," मी म्हणालो, "प्रेमला गेली. तीन वर्षं झाली. सेट बिघडला नव्हता. मी तुमच्याशी रोज खोटं बोललो."

बोलायचं बटण सोडलं. नुसते माग ऐकू येत होते. मी घड्याळाकडे बघत बसलो. चार मिनिटं गेली.

मग शीळ आली. एक आखूड, एक लांब, एक आखूड. हे आर अक्षर. आमच्यात त्याचा अर्थ, सगळं पोचलं.

मी माइक टेबलावर ठेवला. थोडं थांबून त्यांनी पुन्हा आर पाठवला. मग पुन्हा. मी ऐकतोय की नाही हे त्यांना कळत नसावं, किंवा त्यांनाही दुसरं काही सुचत नसावं. सहा वाजेपर्यंत ते कापऱ्या हाताने तेच एक अक्षर पाठवत राहिले.