कपाळावरची वेळ

"सोड की रं थोडं, लई ठणकून राहिलंय," भुजंग जीपमध्ये कळवळला.

हनुमंतने सोडलं नाही. तासाभरापूर्वी भुजंगचा हात सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेला होता. हनुमंतने गमछा दंडाला बांधला, त्यात मशीनचा पाना अडकवून पीळ दिला आणि रक्त थांबवलं. मग पोत्यांवर नंबर टाकायच्या मार्करने त्याच्या कपाळावर बांधल्याची वेळ लिहिली.

गडचिरोलीच्या जंगलात अठरा वर्षं दलाचा वैद्यकीय सहायक म्हणून त्याने जखमी जवानांचे हातपाय असेच बांधले होते. गावात मात्र तो बंदुकीऐवजी सुई धरणारा म्हणून 'सुईवाला फौजी', आणि हे नाव ठेवणारा भुजंगच. आज त्याचंच डोकं मांडीवर होतं. निवृत्तीनंतर हनुमंतला इतकं जिवंत कधी वाटलं नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

भुजंगची आई, मनकर्णाबाई, पायाशी बसून देवाचा धावा करत होती. हनुमंत ड्रायव्हरला उदगीरचा जवळचा रस्ता सांगायला वळला, तेवढ्यात तिने ओल्या पदराने लेकाचं कपाळ पुसून काढलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, कधी बांधलं? दोन तासांच्या आत असेल तर हात वाचायची आशा होती. हनुमंतने कपाळाकडे बोट केलं. तिथे नुसता काळा फराटा होता.

"म्याच पुसलं," मनकर्णाबाई म्हणाली. "जित्या माणसाच्या कपाळाला काळं कसं ठिवायचं?"

हनुमंतला आकडा काही केल्या आठवेना. मग त्याने घाईघाईने डावी बाही वर केली. मनगटाच्या वर लिहिलं होतं, ११.२०. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

भुजंगला आत नेता नेता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोन ठिकाणी का लिहिलं?

"आनंदराज म्हणून दोस्त होता, मॅडम. घामानं त्याच्या कपाळावरची वेळ गेली. गोळीबारात मलाबी आठवंना. पाय काढावा लागला त्याचा."

संध्याकाळी भुजंगची बोटं हलली. मनकर्णाबाईने तांब्या आणला आणि हनुमंतच्या हातांवर स्वतः पाणी घातलं. त्याने मनगटापर्यंतचं रक्त धुतलं, वरचा आकडा तसाच ठेवला. मग बाहेर लिंबाखाली जाऊन त्याने आनंदराजला फोन लावला, त्याचा पाय गेल्यापासूनच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच.