बाबा पुलावर राहिले

खामफान वारले त्याला दहा दिवस झाले, गावच्या बुद्धविहारात दहनही झालं, तरी ते घरी पोचले नव्हते. रोज बायकोच्या स्वप्नात येऊन विचारायचे, गाडी कुठं राहिली? म्हणजे जीव अजून कोराटच्या इस्पितळातच, गाडीची वाट बघत बाकावर बसून होता. शेवटी मुलाने, सोम्योतने, पिकअप काढली आणि आई नि थोरली बहीण रुंगनपा यांना घेऊन तो बापाला आणायला गेला.

बाकापाशी उदबत्ती लावून बाबांना बोलावलं, त्यांचा फोटो पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टाही लावला. तीस वर्षं रस्ते खात्यात काढलेला माणूस, बिनपट्ट्याचा बसला नसता.

अशा प्रवासात गेलेल्या माणसाला वाटेतला एकेक पूल सांगावा लागतो, नाहीतर तो पुलावरच अडकतो. हे काम रुंगनपाकडे होतं, कारण बाबा ऐकले तर तिचंच ऐकायचे. ती इमानेइतबारे सांगत होती, "बाबा, पूल आला, चला." मग बँकॉकहून ऑफिसचा फोन आला. तिने तो घेतला आणि एक पूल तसाच मागे गेला.

फोन ठेवून तिने ते कबूल केलं. सोम्योतने गाडी बाजूला घेतली. त्याच्या मते ती नुसती मोरी होती, खाली थेंबभर पाणी नाही, तो पूल कसला?

"पाटी होती," आई म्हणाली. "अशा पाट्या लावण्यात तुझ्या बाबांचा जन्म गेला. त्यांना पाणी दिसत नाही, पाटी दिसते."

रस्त्याला मधोमध दुभाजक, परत वळायची जागा बरीच पुढे होती आणि मध्ये आणखी दोन पूल. बाबा मागे राहिलेत तर हे सांगायचे कुणाला? पण समजा राहिले नसले तर? म्हणून रुंगनपा फोटोकडे बघून म्हणाली, "बाबा, गाडीत असलात तर पूल आला." वळून मागे आले तर परतीच्या रस्त्याला पूल वेगळा, बाबा पलीकडच्या पुलावर. आईने खिडकीतून हात काढून त्यांना सांगितलं की तिथंच थांबा, वळसा घालून येतो.

एकदाचे पुलावर पोचले. नवी उदबत्ती लावली, नाणं उडवलं. छापा पडला तर बाबा गाडीत बसले, काटा पडला तर नाही. काटा पडला. नाणं बदललं, तरी काटाच.

"जिवंतपणी तरी एका हाकेत उठले होते का?" सोम्योत म्हणाला.

रुंगनपा कठड्याला टेकून खाली बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती. "बाबा, शेवटच्या दिवशीही ऑफिसच्या फोनपायी मी तुमचा फोन ठेवला," ती म्हणाली. "आजही तेच केलं. माझं चुकलं."

आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेना. साहेबाचा छळ, गळकी खोली, जमता जमता मोडलेलं लग्न, दोन वर्षांत न सांगितलेलं सगळं ती सांगत सुटली. ट्रकवाले भोंगे वाजवून जात होते. सोम्योत मधूनमधून नाणं उडवत होता आणि दर वेळी काटाच पडत होता. उदबत्ती संपली.

"बाबा रागावलेत. नाही यायचे ते," रुंगनपाला रडू फुटलं.

आई गाडीत बसून चिकट भाताचा गोळा खात होती. हात पुसून ती खाली उतरली.

"रागावतील कशाला? लेक दोन वर्षांनी मनातलं बोलतेय. आलो म्हटलं की तू गप्प बसशील, एवढं कळतं त्यांना." तिने सोम्योतच्या हातातलं नाणं काढून घेतलं. "ऊठ. गाडीत बस आणि बोलत राहा."

घर येईपर्यंत रुंगनपा बोलत होती. त्यात किती पूल गेले, एकही तिने सांगितला नाही. आईनेही विचारलं नाही.