नऊ पावलांवरचा स्विच

तीनशे पन्नास वॅट.

खुंटीवर रेनकोट. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी खुंटीवरच.

दुकानदाराने आईला विचारलं, "काकू, इन्व्हर्टरवर काय काय चालवायचंय?" आई म्हणाली, "मला."

दादा, फोनवर, तिसऱ्यांदा: "बाबा, जनरेटर पाठवतोय. विषय संपला."

चार मीटर नळी. न्हाणीघरापर्यंत पुरते, ओट्यापर्यंत पुरते, पुढच्या दारापर्यंत पुरत नाही.

आता नीट सांगते.

बाबा लाइनमन होते. एकोणचाळीस वर्षं. वादळ आलं की लोक घरात शिरायचे आणि बाबा बाहेर पडायचे. आमच्या घरात कधी इन्व्हर्टर आला नाही, कारण तो आणणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत. लाईट जाते, माणसं जातात, लाईट येते. तोवर मेणबत्ती.

मग आईची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, दिवसाचे सोळा तास. मशीन खोलीतली हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून आईच्या नाकाशी आणून देतं. लाईट गेली की ते लांब शिट्टी मारतं आणि बंद पडतं. जोडीला एक लहान सिलिंडर, दीड तासाचा, चावीने उघडायचा. आणि हवामान खात्याने सांगितलेलं, आठ दिवसांत मोठं वादळ.

म्हणून दादाचा जनरेटर.

"पाठव," बाबा फोनवर म्हणाले, "मी त्यात झाडं लावीन."

"बाबा, चेष्टा नको."

"लोक जनरेटर थेट घरच्या प्लगात जोडतात. करंट उलटा फिरतो, घरातून तारेत, तारेतून खांबावर. वर चढलेल्याला वाटतं लाईन बंद आहे. आमच्यातला एक गेलाय तसा."

"मग व्यवस्थित जोडू ना. माणूस बोलावू."

"आणि धूर? हे मशीन हवा ओढतं रे. खिडकीखाली जनरेटर ठेवून तुझ्या आईला धूर पाजू?"

"तुम्ही दोघं निवांत भांडा," आई पलंगावरून म्हणाली, "मी तोवर श्वास रोखून बसते."

दुसऱ्या दिवशी बाबा तिला घेऊन इन्व्हर्टर बघायला निघाले. ती जिंकली की असंच होतं.

दुकानात मीही होते. बाबांनी खिशातून कागद काढला. मशीन तीनशे पन्नास वॅट, एक बल्ब, एक पंखा. फ्रिज लिहून खोडलेला. टीव्ही लिहून खोडलेला, मग आईच्या अक्षरात पुन्हा लिहिलेला, मग पुन्हा खोडलेला.

"एक बॅटरी पुरे, काका," दुकानदार म्हणाला.

"चार तास. मला आठ हवेत."

"दोन घ्या मग. लाईट गेली की आपोआप बॅटरीवर जाईल. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको."

इथे बाबांचं डोकं फिरलं. वादळात लाईट एकदाच जात नाही, ती फडफडते. येते, जाते, येते. प्रत्येक फडफडीला मशीनला झटका बसणार. त्यांना मध्ये हाताचा स्विच हवा होता: खटका खाली, मशीन बॅटरीवर. बाहेरची लाईन शांत झाली, याची खात्री पटली की खटका वर.

"आजकाल हाताने कोणी करत नाही, काका."

"मी करतो."

स्विच बसला पुढच्या दाराशेजारी, मीटरखाली, बाबांच्या खांद्याच्या उंचीवर. मग तालमी. बाबा स्वतः मेन पाडायचे, मशीन शिट्टी मारायचं, बाबा खटका ओढायचे, आई घड्याळ बघायची. बावीस सेकंद. चौदा. नऊ.

"अजून दोन कमी करतो," बाबा म्हणाले.

"अहो, मी काय शर्यतीतला घोडा आहे का?"

वादळ मंगळवारी आलं, दुपारी. मी माझ्या घरी होते, आईशी फोनवर बोलत. तेव्हाचं मी काहीच पाहिलेलं नाही, सगळं ऐकलेलं आहे. जसं ऐकलं तसं:

वारा. एक पत्रा. आई म्हणते, "अगं, त्या खिडकीची काच—"

शिट्टी.

"गेली," आई म्हणाली.

"बाबा आहेत ना?"

खुंटीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज. बुटांचा आवाज. दाराची कडी. वारा एकदम मोठा, मग दार आपटलं, वारा लहान.

"आई? बाबा कुठेत?"

"गेले."

"कुठे गेले?"

"चौकातल्या ट्रान्सफॉर्मरकडे." आईला धाप लागली होती. "रेनकोट घालून."

शिट्टी चालूच.

"सिलिंडर लाव. आई, सिलिंडर."

"चावी त्यांच्या खिशात आहे."

मी काहीतरी बोलत राहिले. शेजारी हाक मार, दार उघड, मी निघते. आई म्हणाली, "तू जरा गप्प बस, मला दम पुरवायचाय," आणि फोन गादीवर ठेवला.

चपला. एक, दोन, तीन. थांबली. मोठा श्वास, घरघरता. चार. पाच. स्टूल फरशीवर सरकलं. ती बसली असावी. शिट्टी. मी मनात मोजत होते आणि माझाच आकडा चुकत होता. पुन्हा स्टूल. सहा. सात. भिंतीला हात घासल्याचा आवाज. आठ, नऊ.

मग बराच वेळ फक्त शिट्टी. खटका बाबांच्या खांद्याशी होता आणि आई बाबांच्या खांद्याइतकी.

खट्.

शिट्टी थांबली. मशीन घुरघुरू लागलं. परतीची पावलं मला मोजता आली नाहीत, मी रडत होते. नंतर नळी कानामागे अडकवताना होतो तो बारीक आवाज, आणि पुष्कळ वेळाने आईचा: "आहेस का गं?"

"आहे."

"बरं झालं टीव्ही खोडला."

फोन तिने ठेवू दिला नाही, की मी, आठवत नाही. सात-आठ मिनिटांनी दार उघडलं. पाणी ठिबकत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"मी," बाबा म्हणाले. दाराची कडी लागली. मग, "चौकापर्यंत गेलो. लाईट गेली आणि पायच—"

"कोण होतं तिथे?"

"नवे लाइनमन. गाडी घेऊन आलेले. म्हणाले, काका, तुम्ही घरी जा."

"त्यांचं ऐकलंत लगेच," आई म्हणाली. "मी एकोणचाळीस वर्षं सांगत होते."

बाबा ओल्या रेनकोटात मशीनशेजारी फरशीवर बसले आणि लाईट येईपर्यंत, म्हणजे सहा तास, तिथून हलले नाहीत. हे आईने सांगितलं. तिने त्यांना दोनदा कपडे बदलायला सांगितलं. तेही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा स्विच दाराजवळून निघाला होता. बाबा पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते, दातात पेन्सिल. आई उशीला टेकून बसलेली. सिलिंडरची चावी दोरीला बांधून तिच्या हाताशी टांगलेली.

"हात लांब कर," बाबा म्हणाले. "असा नाही, रोजच्यासारखा. जोर न लावता."

आईने केला. त्यांनी भिंतीवर खूण केली. मागे सरून पाहिलं, पुन्हा पुढे आले.

"दोन इंच खाली घेऊ?"

"घ्या."

"तीन?"

"अहो, घ्या हो. मी कुठे पळून जातेय."

स्विच लागला. बाबा मेन पाडायला गेले. या वेळी घड्याळ माझ्याकडे होतं. शिट्टी सुरू झाली न झाली, खट्. चार सेकंद. बाबा दारातच उभे राहिले.

"हे कधी शिकलीस?"

आई नळी सारखी करत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या वादळात बाबा तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, आणि तोवर आईने शेजारणीला कंदील धरायला लावून घरातला फ्यूज स्वतः बांधला होता.