ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर

साहेबांचा मुक्काम सध्या कपडे भिजवायच्या टबात होता. साहेब म्हणजे ताईचा गोल्डफिश. वय अकरा वर्षं, अंगाने तळहाताएवढा. नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी आणलेला. ताई म्हणायची, "हेही अगदी त्यांच्यासारखेच. दिवसभर तोंड उघडायचं, मिटायचं, आणि ऐकायचं कोणाचंच नाही."

सकाळी उठून बघते तर टाकीचा खालचा सांधा सुटलेला, पाणी थेट सोफ्याखाली, आणि साहेब दोन बोटं उरलेल्या पाण्यात आडवे. ताईने त्यांना भाताच्या पातेल्यात घेतलं, पातेल्यातून टबात सोडलं आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"तू काचवाला ना? मग ये. हा गेला तर या घरात मी भिंतीशी बोलू का?"

काचवाला आला. चाळीस वर्षं खिडक्या, आरसे आणि न्हाणीघरातले काचेचे आडोसे बसवत आलेला माणूस. टाकीच्या सांध्यावरून त्याने बोट फिरवलं आणि नाक वर करून म्हणाला, "कुणा गाढवाने केलीय ही? पाचही काचा सुट्या करून नव्याने जोडतो. परत गळली तर मिशी काढीन."

"मिशी काढून माझा मासा जगणार आहे का?" ताई म्हणाली.

काचा जोडायचं सिलिकॉन संपलं होतं, म्हणून तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकान आता जुन्या म्हाताऱ्या मालकाची सून सांभाळत होती. त्याने ठरलेलं बोट ठरलेल्या फळीकडे केलं. न्हाणीघराचं, सगळ्यात भारी, बुरशी न धरणारं. आयुष्यभर त्याने दुसरं वापरलं नव्हतं. त्याने भरलेला सांधा दहा वर्षांनीही काळा पडत नसे, आणि ही गोष्ट तो लग्नकार्यातसुद्धा लोकांना ऐकवायचा.

"कशाला हवंय, काका?"

"माशांची टाकी."

"मग हे नको."

"बाई, तुमच्या सासऱ्यांच्या काळापासून..."

"सासरे मासे पाळत नव्हते," ती म्हणाली. "याच्यात बुरशी मारायचं औषध असतं. ते हळूहळू पाण्यात उतरतं. बुरशी मरते तसे मासेही मरतात. तुम्हाला साधं हवं, निव्वळ सिलिकॉन, काही न मिसळलेलं."

"ते शिरक्याच्या आंबट वासाचं? ते हलकं असतं."

"हलकं नाही, साधं. आणि नुसत्या वासावर जाऊ नका. वास तोच येतो आणि आत औषधही असतं, अशाही ट्यूब आहेत. मागचं वाचा."

तिने भारी ट्यूब उलटी करून त्याच्यापुढे धरली. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. त्याने तिचा चष्मा मागून घेतला. वाचलं. परत वाचलं. मत्स्यालयासाठी वापरू नये.

माणसाला एखादं काम चाळीस वर्षं जमलं की तो वाचायचं सोडतो. मग त्याला अनुभवी म्हणतात. अशा अनुभवाच्या नावाने किती जणांनी किती नुकसान केलंय याचा हिशोब कुणी मांडत नाही, कारण मांडणारेही अनुभवीच असतात.

काचवाल्याला ती काळ्या शेपटीची सहा पोरं आठवली. पोरं म्हणजे मासे. त्याची मुलगी त्यांना पोरं म्हणायची. चार वर्षांपूर्वी तिला हौस आली, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने टाकी करून दिली होती. भारी सिलिकॉन घालून, सांध्यांवर दोनदा हात फिरवून. पाचव्या दिवशी सहाच्या सहा पोटं वर करून तरंगत होते. तिने विचारलं, "बाबा, टाकीत काही..." आणि तो खेकसला होता, "माझं काम पक्कं असतं. तूच खाऊ घालून घालून मारलेस. तुझ्या हाताला काही जगायचं नाही."

रागात बोललेलं वाक्य. बोलणारा संध्याकाळी जेवून झोपला. ऐकणारीने ते चार वर्षं सांभाळलं. त्यानंतर तिने घरात कुंडीसुद्धा ठेवली नाही. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून कामाला लागली, चांगलं नाव काढलं. पण कुणी मांजराचं पिल्लू पुढे केलं की हसून म्हणायची, "मला नको बाई, माझ्या हाताला काही जगत नाही." आणि बापही त्या हसण्यात हसायचा.

त्याने साधी ट्यूब घेतली. दुकानातून ताईच्या घरापर्यंत दोनशे पावलं. तेवढ्यात त्याने ठरवून टाकलं की बोलायचं नाही. कोण वाचतंय ट्यूबच्या मागचं? झालं गेलं. मासा जगला म्हणजे झालं.

जिन्यात मुलगी भेटली. आत्याने तिलाही बोलावून घेतलं होतं. तिच्या हातात टबासाठी हवेचा छोटा पंप होता.

काम सुरू झालं. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. पात्याने त्याने सांधे चिरले, पाचही काचा वेगळ्या केल्या, जुन्या मेणचट पट्ट्या खरवडल्या, स्पिरिटच्या बोळ्याने कडा पुसल्या. मुलगी बोळे भिजवून देत होती. ताई स्टुलावर बसून साहेबांना काम कुठवर आलं ते सांगत होती.

मुलीने पिशवीतून ट्यूब काढली. दवाखान्यात हाताला येईल त्या बाटलीवरचं वाचायची तिला सवय. तिने ट्यूब फिरवून मागचं वाचलं.

"बाबा, ही साधीच आणलीस? तुझी ती भारीतली कुठंय?"

त्याच्या हातातलं पातं थांबलं. 'नव्हती दुकानात.' दोन शब्द. जिभेवर आले होते.

टबात साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं.

"भारीतल्यात विष असतं," तो म्हणाला. "माशांना. मला माहीत नव्हतं. आज दुकानात कळलं. तुझी टाकी मी त्यानेच जोडली होती."

मुलीच्या हातातला ओला बोळा टपटपत राहिला.

"तुझ्या खाऊ घालण्याने नाही मेले ते. मी मारले. आणि वर तुझ्यावर खापर फोडलं."

"चार वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"मी त्या टाकीचं पाणी रोज हुंगायचे, बाबा. माझं काय चुकलं ते शोधत. रोज."

ती उठून गॅलरीत गेली. काचवाला तिच्यामागे निघाला, तसा ताईने स्टुलावरूनच पाय आडवा घातला.

"बस खाली. माफी मागायला गेलास की तीही तुझीच सोय व्हायची. चिडू दे तिला. चार वर्षांचं आहे, पाच मिनिटांत कसं आटोपेल?"

"ताई, माझ्याच्याने..."

"अरे, काचा पूस. तेवढं तरी नीट येतं ना तुला?"

त्याने काचा पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. बऱ्याच वेळाने मुलगी आत आली. डोळे लाल होते आणि आवाज कोरडा. तिने दुसरं पातं उचललं.

"या काचेवर अजून जुनं राहिलंय. दिसत नाही का? चष्मा कर."

"करतो."

"उद्याच कर."

"उद्याच."

दोघांनी मिळून तळाची काच मांडली, कडेने चिकटपट्टी लावली, एकेक बाजू उभी केली. सिलिकॉनची गन त्याने चालवली, सांध्यावरून बोट तिने फिरवलं. खोलीभर शिरक्याचा वास सुटला. ताई म्हणाली, "साहेब, नाक दाबा."

मग आठवडाभर फक्त थांबायचं होतं. सिलिकॉन आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी नाही. काचवाला रोज येऊन टाकीत डोकं घालून हुंगायचा. चौथ्या दिवशी वास पुसट झाला, सातव्या दिवशी गेला. मग नुसतं पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. दोन दिवस वर्तमानपत्र कोरडं. ते पाणीही ओतून दिलं, दिवसभर उघडं ठेवून मुरवलेलं नवं भरलं, आणि मुलीने दोन्ही हातांच्या ओंजळीत साहेबांना उचललं.

"मी नको, आत्या, तूच..."

"तूच सोड. माझे हात थरथरतात." ताईचे हात दगडासारखे स्थिर होते.

साहेब पाण्यात उतरले, कोपरा न् कोपरा फिरले, काचेला तोंड लावून काचवाल्याकडे बघत राहिले.

पाचवा दिवस सरला. सहावा सरला. दहाव्या दिवशी सकाळी काचवाल्याचा फोन वाजला. मुलीचा.

"आत्ता आत्याकडे आहे. साहेब खातायत. माझ्या हातातून." मग ती म्हणाली, "बाबा, माझी ती टाकी कुठंय?"

"माळ्यावर. तिच्यात रंगाचे डबे ठेवलेत."

"काढ. सगळ्या काचा सुट्या करू. कणभरही जुनं राहता कामा नये."

"आज येतेस?"

"रविवारी. आणि ऐक, ट्यूब मी आणणार. तू आणायची नाहीस."

"बरं," तो म्हणाला. त्याने नवा चष्मा नाकावर चढवला आणि शिडी घेऊन डबे उतरवायला माळ्यावर गेला.