वरातीत मिरवलेला चावडीचा रेडिओ

मी चावडीतला रेडिओ बोलतोय. एरवी मुका आहे, पण एवढं सांगायला बॅटरी लागत नाही.

शेळगावच्या वाटेवरच्या या गावात मला आणलं, तेव्हा तालुक्याच्या साहेबानं तार बांधता बांधता वाटणी समजावली. आत बोलणारी माणसं दिल्ली सरकारची, डबा मुंबई सरकारचा, बॅटरी गावाची. तीन मालकांच्या बैलाला वैरण कोण घालतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी गडीमाणसं ओट्यावर बसून ऐकत. बाया समोरच्या आडावर उभ्या राहत. त्या वेळी घागरी फार सावकाश भरत.

मग सरपंच आप्पासाहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. "गावाचा हाय म्हंजी आपलाच की," म्हणत त्यांनी मला बैलगाडीत नवरीशेजारी बसवलं. वरात गावभर फिरली. मी ओरडत होतो अन् नवी नवरी रतन पदराआडून मला हळूच बोट लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली; माझा आवाज बसला, मग गेलाच.

तालुक्याला कळवलं. उत्तर आलं, बॅटरी गावाची.

"बोलणार दिल्ली, नाव मुंबईचं, अन् खर्चाला आमी?" आप्पासाहेब म्हणाले.

"आप्पा, मिरवला कुणी, ते बी लिवा की त्यात," सोपान पंच म्हणाला. सगळे हसले. बॅटरी काही आली नाही.

अशात डाळजहून रतनच्या माहेरचा निरोप आला. पुण्याच्या रेडिओवाल्यांनी तिच्या आईच्या, प्रयागबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या टिपून नेल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी लागणार होत्या. रतननं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं चुलत्याला.

"ओव्या व्हय? त्या घरात बी म्हणत्यात बाया," आप्पासाहेब म्हणाले.

बुधवारी रतन आडावर आली. घागर भरली, ओतली, पुन्हा भरली. माझ्या डोक्यावर पंचांचे पटके ठेवलेले होते. तिच्या आईचा आवाज माझ्या तारेपर्यंत आलाही असेल. मला तो आत घेता आला नाही.

पंचमीला लेकीला न्यायला प्रयागबाई आल्या, तेव्हा जाता जाता चावडीपुढं थबकल्या.

"ह्यातनंच बोलले व्हय गं मी? कशी ऐकू आले?"

रतननं पदर नीट केला. "चांगली. शेवटच्या ओवीला जरा घाई केलीस, आये."

"केली खरी," प्रयागबाई म्हणाल्या. "त्यो रेडिओवाला बाबा सारखा हातानं खुणवत हुता."

दोन सरकारं आणि एक पंचायत मिळून मला बोलतं ठेवू शकली नाहीत. माझं काम त्या पोरीला खोटं बोलून करावं लागलं. आता बॅटरी आणा, नाहीतर आणू नका. फक्त मला गावाचा रेडिओ म्हणू नका.