खणात गुंडाळलेली शिराझ

मित्रांनो, मी एक जुनी शिराझ आहे. शिराझ म्हणजे काळ्या द्राक्षांची वाईन. राहते बाटलीत, पण तोरा राणीचा! माझा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातला. जर्मनीतून तिकडे गेलेल्या लोकांनी लावलेल्या आमच्या वेलींनी शंभरी ओलांडली होती. येता-जाता कांगारूसुद्धा त्यांना नमस्कार करत. खोटं वाटत असेल तर कांगारूंना विचारा!

वायनरीच्या मालकीणबाई मार्था. द्राक्षं स्वतः खुडायच्या, रस लाकडी पिंपात मुरवायच्या. जर्मनीतल्या एर्लांगेनहून त्यांचा पंप दुरुस्त करायला शिरीष नावाचा मराठी इंजिनिअर गेला होता. त्याच्या हातात मला देताना त्या म्हणाल्या, "आडवी ठेव, गार ठेव आणि आपल्या माणसांबरोबर पी." पुढे त्या वारल्या. वेली उपटून तिथे घरं झाली. त्या मातीची आता मीच काय ती उरले.

शिरीषने मला हॉलच्या गार कोपऱ्यात आडवं निजवलं. "अन्वीचं आबिटूर झालं की उघडू," तो लेकीबद्दल म्हणाला. आबिटूर म्हणजे इकडची बारावी. ती झाली. मग म्हणाला, "नोकरी लागू दे." अशीच वर्षं सरली.

एका दिवाळीला पुण्याहून त्याची आई यायची होती. त्याच्या बायकोची, विभावरीची धांदल उडाली. "अहो, आईंना बाटली दिसली तर?" तिने मला ओटीत आलेल्या खणात गुंडाळलं आणि कपाटामागे, हायझुंगला म्हणजे भिंतीवरच्या हीटरला टेकवून, उभं केलं. सासूबाई परत गेल्या, मी तिथेच राहिले.

"कुठे ठेवलीस गं?" शिरीषने विचारलं.

"जपून ठेवलीय."

"मग झालं!"

खरंच जपत होती हो! दर दसऱ्याला त्याच्या लॅपटॉपबरोबर मलाही फूल वाहायची. पण दर हिवाळ्यात हीटर तापायचा. माझं बूच सुकलं. आतून मी आंबत गेले. ओरडून सांगावं, तर बाटलीला गळा असतो, आवाज नसतो.

मग एका मार्चमध्ये सायकलवरून ऑफिसला गेलेला शिरीष परत आलाच नाही. वाटेतच त्याचं हृदय थांबलं.

वर्षश्राद्धाला अन्वी आली, इंगोलश्टाटहून त्याचा मित्र प्रताप आला. फोटोपुढे शिरीषच्या आवडीचं पान वाढलं होतं. विभावरीने मला बाहेर काढलं आणि प्रतापने बूच उपटलं. त्याने वास घेतला आणि हातातलं बूच उलटसुलट करून पाहिलं.

"कशी आहे हो, भावजी?"

"आल्झो... म्हणजे... अस्सल आहे, वहिनी."

अन्वीने घोट घेतला. "आई, दास इस्ट डोख एस्सिग! हे तर एस्सिग आहे!"

एस्सिग म्हणजे व्हिनेगर. विभावरी रोज ते सॅलडवर घालते.

"बूचच फसवं निघालं," प्रताप घाईघाईने म्हणाला. "कंपनीची चूक."

विभावरी हातातल्या खणाकडे बघत होती. तो अजून कोमट होता.

"नाही हो, भावजी," ती हळूच म्हणाली. "मीच उबेला ठेवली."

तिने एक पेला फोटोपुढे ठेवला, एक स्वतःसाठी भरला. आयुष्यातला तिचा तो पहिला पेला. डोळे मिटून तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

मित्रांनो, आता मी रिकामी आहे. त्याच खणात, त्याच गार कोपऱ्यात, आडवी. तुमच्या घरी कुणी "नंतर उघडू" म्हणालं ना, तर त्याच्या हातात आजच ओपनर द्या. शिरीषच्या हातात तो कुणी दिला नाही.